नाव तबकडीवर, गाव मशीनवर

घरातले जुने टोल्यांचे घड्याळ ठेवायचे की विकायचे, हा प्रश्न कधी ना कधी बहुतेक कुटुंबांपुढे येतोच. उत्तर देण्याआधी पेटीचे दार उघडून आत पाहिलेले बरे.

वाडा पाडायला निघाला की भांडीकुंडी, पाट, तांब्याचे बंब यांच्या वाटण्या होतात. भिंतीवरचे घड्याळ मात्र शेवटपर्यंत खिळ्यालाच राहते. ते कोणालाच नको असते आणि दुसऱ्या कोणी नेलेलेही बघवत नाही. मग एक दिवस जुन्या वस्तू घेणारा दारात येतो. घड्याळाकडे तो मुद्दामच नीट पाहत नाही. बंद आहे, भाग मिळत नाहीत, लाकडाचे काय ते देतो, असे म्हणून तो ते पोत्यात गुंडाळतो. घरच्यांना वाटते, अडगळ गेली.

याच व्यवहाराची दुसरी बाजू शहरातल्या जुन्या बाजारात दिसते. नव्या फ्लॅटचा दिवाणखाना सजवायला कोणी तरी 'दीडशे वर्षांपूर्वीचे अस्सल इंग्रजी' घड्याळ भरपूर पैसे मोजून घेतो. त्याची पेटी एका घड्याळाची, मशीन दुसऱ्याचे आणि तबकडी मागच्याच महिन्यात छापलेली असते. पहिल्या घराने विकताना पाहिले नाही, दुसऱ्याने घेताना पाहिले नाही. खरे तर घड्याळ आपले वय आणि आपले गाव दोन्ही सांगत असते. फक्त ते सांगण्याची जागा तबकडी नव्हे.

तबकडीवरचे नाव कोणाचे?

आपल्याकडच्या जुन्या घड्याळांवर बऱ्याचदा मुंबई, कोलकाता किंवा चेन्नईच्या कंपन्यांची नावे सापडतात. कोलकात्याची कुक अँड केल्व्ही, मद्रासची पी. ऑर अँड सन्स, मुंबईतली वेस्ट एंड वॉच कंपनी ही त्यांतली गाजलेली. ही नावे वाचून घड्याळ तिथेच तयार झाले असा समज होतो. पण ही प्रामुख्याने मोठी विक्रेती दुकाने होती. युरोपातून मशीन किंवा अख्खे घड्याळ मागवायचे, तबकडीवर आपले नाव घालून घ्यायचे आणि संस्थानिकांना, सरकारी कचेऱ्यांना, शाळांना विकायचे, अशी त्या काळाची रीत होती. इंग्लंडमधल्या लहान गावांतले घड्याळवालेही हेच करत. म्हणून तबकडीवरच्या नावावरून फार तर घड्याळ कुठे विकले गेले ते कळते.

ते कुठे घडले, हे मशीनच्या मागच्या पितळी पत्र्यावर कोरलेले असते. त्यासाठी लंबकाच्या मागे टॉर्चचा उजेड पाडावा लागतो, कधी मशीन पेटीतून बाहेर काढावे लागते. तिथे कंपनीचे चिन्ह, एखादा क्रमांक, देशाचे नाव यांतले काही ना काही बहुतेक वेळा सापडते. पण त्या खुणांचा अर्थ लागायचा तर घड्याळ इथवर कसे आले, हे थोडे माहीत हवे.

तास आणि घटका

'घड्याळ' हा शब्द काट्यांच्या यंत्रापेक्षा जुना आहे. आपल्याकडे दिवसरात्रीच्या साठ घटिका धरत, म्हणजे एक घटिका चोवीस मिनिटांची. तळाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे पात्र पाण्यावर सोडायचे. ते भरून बुडाले की घटका भरली. मग शेजारी टांगलेल्या काशाच्या थाळीवर ठोका पडे. त्या थाळीला 'तास' म्हणत. साठ मिनिटांच्या अवधीला आपण आज जो शब्द वापरतो, तो या थाळीवरून आलेला आहे. लग्नाचा मुहूर्त साधायला घटिकापात्र मांडण्याची चाल अजूनही काही घरांतून पाळली जाते. ढगाळ दिवशी सावलीचे यंत्र आंधळे होते, हे पात्र मात्र रात्रीही चालते.

युरोपात तेराव्या शतकाच्या अखेरीस वजनावर चालणारी दातेरी चाकांची घड्याळे चर्चच्या मनोऱ्यांत आली. सुरुवातीच्या काहींना तबकडीच नव्हती. इंग्लंडमधल्या सॉल्झबरीच्या चर्चमध्ये १३८६ च्या सुमाराचे समजले जाणारे असे एक घड्याळ आहे. ते वेळ दाखवत नाही, फक्त ठोके देते. पुढे तबकडी आली तरी काटा एकच, तासाचा. मिनिटकाटा लावून उपयोगही नव्हता, कारण ही यंत्रे दिवसाला पाव पाव तास चुकत.

ही चूक लंबकाने घालवली. लंबकाच्या झोक्याला लागणारा वेळ जवळजवळ ठरलेला असतो, हे गॅलिलिओने ओळखले होते. त्याचा घड्याळाशी यशस्वी सांधा मात्र ख्रिस्तिआन हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६५६ मध्ये जुळवला. दिवसाची चूक एकदम पंधरा सेकंदांच्या आसपास आली. यंत्रांच्या इतिहासात एका फटक्यात एवढी सुधारणा क्वचितच झाली असेल. त्यानंतर मिनिटकाट्याला अर्थ आला.

त्यानंतर १६७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये नांगराच्या आकाराची एक पट्टी मशीनमध्ये बसू लागली. ती शेवटच्या दातेरी चाकाला एका वेळी एकच दात पुढे सरकू देते. 'टिक' आणि 'टॉक' हा आवाज तिचाच. या नांगरामुळे लंबकाला थोडेसेच झुलावे लागते, म्हणून तो लांब करता येतो. सेकंदाला एक झोका घेणारा लंबक जवळजवळ एक मीटर लांब असतो. त्याला मावून घेणारी उंच, अरुंद कपाटासारखी पेटी केली गेली आणि जमिनीवर उभे राहणारे पुरुषभर उंचीचे घड्याळ जन्माला आले.

या घड्याळाला सगळे 'ग्रँडफादर क्लॉक' म्हणतात. ते नाव मात्र बरेच उशिरा पडले. हेन्री क्ले वर्क या अमेरिकन गीतकाराचे आजोबांच्या घड्याळावरचे एक गाणे १८७६ मध्ये लोकप्रिय झाले, त्यानंतर ते रूढ झाले. तेव्हा १८०० च्या आसपासच्या घड्याळाच्या तबकडीवर कोणी हे शब्द लिहून ठेवले असतील, तर तिथेच शंका घ्यावी.

श्रीमंतांची घड्याळे

स्प्रिंगवर चालणारी यंत्रे लहान करता येत, म्हणून ती टेबलावर, शेकोटीच्या फळीवर आली. इंग्रजांनी काळ्या लाकडाच्या, वर कडी असलेल्या पेट्या केल्या. ही घड्याळे खोल्यांतून उचलून नेत, कारण घरात घड्याळ एखादेच असे. फ्रेंचांनी मात्र घड्याळाचे शिल्प केले. पितळेच्या देवता, फुलांच्या माळा आणि त्या गर्दीत कुठे तरी छोटीशी तबकडी. त्यांचा मुलामा सोने पाऱ्यात मिसळून आणि मग पारा तापवून उडवून चढवला जाई. त्या वाफेने कारागिरांचे आयुष्य कमी होई. पुढे विजेवर मुलामा देण्याची पद्धत आली. जुन्या मुलाम्याची ती दाट, मऊ झळाळी नव्याला नाही, हे जाणकार लगेच ओळखतात.

प्रवासात न्यायची चारही बाजूंना काच असलेली चौकोनी 'कॅरेज' घड्याळे ही फ्रान्सचीच देणगी. त्यांना लंबक नसतो, वर छोटे डोलणारे चाक असते. संस्थानी घराण्यांतून ती बरीच आली.

अशा हौसेच्या घड्याळांचा थाट पाहायचा तर हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जावे. तिथे कुक अँड केल्व्हीचे नाव असलेले एक प्रसिद्ध संगीत घड्याळ आहे. तास भरत आला की समोर गर्दी जमते. आतून एक दाढीवाला छोटा पुतळा बाहेर येतो, घंटेवर ठोके देतो आणि परत आत जातो. आसपास इतकी घड्याळे असून लोक जमतात ते याच्यासमोर.

आपल्या भिंतीवर आले कुठून?

पण मध्यमवर्गीय घरातल्या भिंतीवरचे घड्याळ बहुधा इंग्रजीही नसते आणि फ्रेंचही नसते. ते अमेरिकन, जर्मन किंवा जपानी असते. ते कसे, ही हकिकत राजेरजवाड्यांच्या घड्याळांपेक्षा जास्त रंजक आहे.

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात एली टेरी नावाचा घड्याळ कारागीर होता. पितळ महाग, म्हणून त्या भागात मशीनची चाके लाकडाची करत. टेरीने १८०७ मध्ये चार हजार लाकडी मशीन तीन वर्षांत करून देण्याचा करार केला. लोकांनी त्याला वेड्यात काढले, कारण एक एक चाक हाताने घासून घड्याळ करायच्या काळात हा आकडा ऐकायलाही मोठा होता. टेरीने पाण्याच्या शक्तीवर चालणारी यंत्रे लावून एकाच मापाची चाके कापली. यातले चाक त्यातही बसेल, हे घड्याळात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर जमले.

त्याच्याकडे काम केलेल्या चॉन्सी जेरोमने पुढे पितळी पत्र्यातून ठोकून काढलेली स्वस्त चाके आणली आणि १८४२ मध्ये घड्याळांची खेप इंग्लंडला पाठवली. बिलावरची किंमत इतकी कमी होती की इंग्लंडच्या जकात अधिकाऱ्यांना ती खोटी वाटली. कर चुकवायला किंमत कमी दाखवली असेल, तर बिलाएवढे पैसे आणि वर थोडी रक्कम देऊन माल ताब्यात घ्यायचा, असा त्यांचा नियम होता. त्यांनी तसे केले. जेरोमला घरबसल्या रोख पैसे मिळाले. त्याने आणखी खेप पाठवली, तीही सरकारने घेतली. तिसऱ्या वेळी मात्र अधिकाऱ्यांना चूक उमगली. ही गंमत जेरोमनेच आपल्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. स्वस्त घड्याळे जगभर पोचवणारा हा माणूस पुढे दिवाळखोरीत निघाला, हेही नोंदवायला हवे.

त्यानंतर सेथ थॉमस, अन्सोनिया, वॉटरबरी, न्यू हेवन, इन्ग्राहम या कारखान्यांची घड्याळे जहाजे भरभरून पूर्वेकडे आली. आठ दिवसांची चावी, अष्टकोनी किंवा गोल तोंड, खाली काचेचे छोटे दार आणि त्यात झुलणारी पितळी चकती. हे रूप अनेकांनी आजोळी पाहिलेले आहे. अन्सोनियाची बहुतेक यंत्रसामग्री १९२९ मध्ये सोव्हिएत सरकारला विकली गेली. म्हणून जुने अस्सल अन्सोनिया त्याआधीचे समजायचे.

जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागातले शेतकरी हिवाळ्यात बर्फ पडले की घरी बसून लाकडी घड्याळे करत. कुकू घड्याळ त्यांचेच. दोन छोटे भाते आणि दोन शिट्ट्या, एवढ्यावर तो पक्षी ओरडतो. अमेरिकन मालापुढे हा घरगुती धंदा बसू लागला, तेव्हा श्राम्बेर्गमध्ये १८६१ साली सुरू झालेल्या युंगहान्स कंपनीने अमेरिकन यंत्रपद्धतच उचलली आणि बाजार परत मिळवला. मशीनवर चांदणी आणि तिच्यात 'जे' हे अक्षर दिसले तर ते युंगहान्स. फुलीसारखे एकमेकांवर ठेवलेले दोन बाण असतील तर हाम्बुर्ग अमेरिकन कंपनीचे. या कंपनीचे नाव अमेरिकन, पण कारखाना जर्मन. गुस्ताव बेकर हे तिसरे मोठे नाव. त्यांच्या मशीनवरच्या क्रमांकांवरून संग्राहकांनी साल ठरवण्याचे तक्ते केले आहेत.

जर्मन घड्याळांच्या लंबकावर बऱ्याचदा 'आर' आणि 'ए' ही अक्षरे असतात. काही घरांतून ती खापरपणजोबांच्या नावाची आद्याक्षरे समजली जातात! ती 'हळू' आणि 'जलद' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांची आहेत. चकतीखालचा स्क्रू कोणत्या बाजूला फिरवायचा, याची ती खूण.

जपानचा प्रवेश सर्वांत उशिरा झाला. किन्तारो हात्तोरी याने १८९२ मध्ये तोक्योत सेइकोशा कारखाना काढला आणि पहिली घड्याळे केली ती भिंतीवरची, अमेरिकन धर्तीची. आजची सैको ती हीच. विसाव्या शतकात ही स्वस्त आणि टिकाऊ घड्याळे आशियाभर पसरली. आपल्याकडे 'जपानी माल' म्हणून त्यांना नाके मुरडली जात, पण त्यांतली कित्येक अजून चालतात.

कचेऱ्या, शाळा आणि रेल्वे स्थानकांतली मोठ्या गोल तबकडीची घड्याळे मात्र बरीचशी इंग्रजी बनावटीची. रेल्वे येईपर्यंत प्रत्येक गावाची वेळ वेगळी असली तरी बिघडत नव्हते. गाड्या धावू लागल्यावर बिघडले. भारतीय प्रमाण वेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, तेव्हा मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती. मुंबईकरांनी ती सहजासहजी सोडली नाही. सरकारी घड्याळ एक वेळ दाखवी आणि शहरातली काही घड्याळे दुसरी, हा प्रकार स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे चालला. तेव्हा त्या काळातले घरातले घड्याळ कोणत्या वेळेला लावले होते, हा प्रश्न साधा नव्हता.

वय सांगणाऱ्या खुणा

आता टॉर्च घेऊन पुन्हा मशीनकडे वळू. 'मेड इन जर्मनी' असे कोरलेले असेल तर घड्याळ बहुधा १८८७ नंतरचे. त्या साली ब्रिटनने परदेशी मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे केले आणि १८८९ मध्ये भारतातही तसा कायदा झाला. जर्मन माल ओळखून लोकांनी टाळावा हा ब्रिटनचा हेतू होता. झाले उलटे, तो शिक्का दर्जाची खूण ठरला. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९० या काळातले. 'ऑक्युपाइड जपान' असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची मोजकी वर्षे, १९५२ पर्यंतची.

काही जण रोमन चार हा आकडा चार उभ्या रेघांनी काढलेला पाहून तबकडी नकली ठरवतात. ते चुकीचे आहे. जुन्या घड्याळांवर तो तसाच असतो. उलट मोठ्या मनोऱ्यांच्या काही घड्याळांवर पुस्तकी चार असला तर तोच अपवाद.

ठोक्यांवरूनही मशीनची जात कळते. 'घड्याळ बिघडले, पाचला आठ ठोके देते' अशी तक्रार असते. जुन्या अमेरिकन आणि बऱ्याच जर्मन घड्याळांत ठोके मोजणारे खाचांचे चाक स्वतंत्र असते. ते फक्त क्रम पाळते. एकनंतर दोन, दोननंतर तीन. काटे कुठे आहेत याच्याशी त्याचे देणेघेणे नसते. ठोके पूर्ण होऊ न देता काटा पुढे ढकलला की दोघांची फारकत होते. अशा वेळी मशीन बिघडलेले नसते. ठोके किती पडतात ते ऐकून तासकाटा त्या आकड्यावर आणला, किंवा ठोक्यांची तार उचलून ते पुढे आणले, की काम भागते. दुसऱ्या पद्धतीच्या मशीनमध्ये ठोके काट्यांशी जोडलेले असतात, तिथे अशी चूक होतच नाही. ही पद्धत १६७६ पासूनची आहे, पण महाग म्हणून स्वस्त घड्याळांत फार उशिरा आली.

जोडकामाचे घड्याळ

बाजारात फसवणूक होते ती बहुतेक जोडकामात. घ्यायच्या आधी मशीन काढून दाखवायला सांगावे. विक्रेता नाही म्हणाला तर तेवढे उत्तर पुरे आहे. पेटीच्या मागच्या फळीवर स्क्रूची रिकामी भोके दिसली, तर तिथे आधी दुसरे मशीन होते. चावीची भोके तबकडीच्या भोकांसमोर नीट येत नसतील, लंबक पेटीच्या बाजूला घासत असेल किंवा काचेच्या खिडकीत दिसतच नसेल, तर हे लग्न बळेच लावलेले आहे. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकात प्रचारात आला. तो 'व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या' घड्याळात असेल तर निदान तो स्क्रू तरी राणीने पाहिलेला नाही. एखादा स्क्रू दुरुस्तीत बदललेला असू शकतो. सगळेच तसे असले तर घड्याळ परत करावे.

कागदी तबकडी पांढरीशुभ्र असेल तर ती नवी. तबकडीला चावीची भोके आहेत, पण आत सेलवर चालणारे मशीन आहे, असेही सर्रास आढळते. त्याला सजावट म्हणून हरकत नाही, जुन्या घड्याळाची किंमत मात्र देऊ नये.

याच नजरेने आपल्या घरचेही घड्याळ पाहावे. सगळे भाग मूळचे असतील तर बंद पडलेले घड्याळही मोलाचे असते. लाकडाला नवे पॉलिश, तबकडीला नवा रंग आणि पितळेला चकचकीत घासून विकायला काढले तर उलट मोल घटते. दलालाला हे ठाऊक असते. म्हणूनच तो 'बंद आहे' हे पहिल्या वाक्यात सांगतो.

चावी, तेल आणि मे महिना

जास्त चावी दिल्याने घड्याळ बंद पडले, असे घरोघरी ऐकू येते आणि त्याचे खापर लहान मुलांवर फुटते. पूर्ण चावी देण्याने स्प्रिंग बिघडत नाही. जुने तेल वाळून डिंक झालेले असते, म्हणून मशीन पूर्ण चावीवरही हलत नाही. ते उघडून साफ करावे लागते. हे घरी करू नये, कारण भरलेली स्प्रिंग अचानक सुटली तर बोटे तोडू शकते. रॉकेलमध्ये बुडवून काढणे किंवा खोबरेल सोडणे, हे दोन्ही उपाय घड्याळाचे शत्रू. तेल लागते ते दांड्या पत्र्यात जिथे फिरतात तिथे, सुईच्या टोकाएवढे. चाकांच्या दात्यांना ते लावायचेच नसते, तिथे धूळ चिकटून दाते झिजतात.

रात्री चमकणाऱ्या काट्यांची जुनी टाइमपीस असेल तर ती काच काढून खरवडू नये. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या त्या रंगात रेडियम असे. चमक गेली तरी रेडियम तसाच राहतो.

घड्याळ हलवायचे तर आधी लंबक काढून ठेवावा. पुन्हा टांगल्यावर ते ओळंब्यात आहे का, हे डोळ्यांपेक्षा कानाने ओळखावे. 'टिक' आणि 'टॉक' यांतले अंतर सारखे हवे. एक लांब आणि एक आखूड ऐकू आले तर पेटी किंचित डावीउजवीकडे सरकवत जावे. घड्याळजीकडे गेलेली कितीतरी 'बिघडलेली' घड्याळे नुसती वाकडी टांगलेली असतात.

मे महिन्यात घड्याळ मागे पडते हीही बिघाडाची खूण नव्हे. पोलादी दांडी उष्णतेने लांबते आणि लांब लंबक सावकाश झुलतो. तापमान दहा अंशांनी चढले की दिवसाला सुमारे पाच सेकंदांचा फरक पडतो, मग लंबक लहान असो की मोठा. नागपुरात जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत तापमान वीस अंशांहून जास्त चढते, म्हणजे आठवड्याला मिनिटभर सहज गेले. चकतीखालचा स्क्रू थोडा वर घेतला की लंबक आखूड होतो आणि घड्याळ सावरते. दिवाळीनंतर तो पुन्हा खाली आणावा. लाकडी दांडीला उष्णतेचा त्रास कमी, पण पावसाळ्यातली ओल तिला लागते. इंग्लंडमधल्या ग्रॅहम आणि हॅरिसन यांनी अठराव्या शतकात पारा भरलेले आणि दोन धातूंच्या सळयांचे लंबक करून हा प्रश्न सोडवला होता. तसले लंबक साध्या घड्याळांना परवडत नाहीत.

परदेशी स्थायिक झालेल्या मुलाला आजोबांचे घड्याळ सोबत न्यायचे असेल तर एक कायदा माहीत हवा. कारागिरीच्या किंवा कलेच्या शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खासगी व्यक्तीने देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या पुरावशेष कायद्याने बंदी आहे. वयाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला आधी घ्यावा लागतो. विमानतळावर ऐन वेळी वाद घालून उपयोग होत नाही. मशीनवरच्या खुणांचे फोटो काढून ठेवलेले असले तर या कामी मदत होते.

सेलवरच्या घड्याळांनी या सगळ्या दुरुस्तीचा धंदाच बसवला. गुजरातेतल्या मोरबी गावाने भिंतीवरची घड्याळे इतकी स्वस्त केली की चावीच्या घड्याळाला हात लावणारा कारागीर आता शोधावा लागतो. शोधल्यावर तो भेटतो. मोठ्या शहरांच्या जुन्या पेठांतून अजून असे वृद्ध घड्याळजी आहेत. त्यांच्याकडून मशीन उघडून घेताना आपण समोर बसावे आणि पितळी पत्र्याची आतली बाजू पाहून घ्यावी. पूर्वीचे घड्याळजी दुरुस्ती केली की तिथे सुईने बारीक अक्षरात तारीख आणि आपली सही कोरत. काही घड्याळांत अशा पाचसहा तारखा एकाखाली एक सापडतात. कोणत्या पिढीने शेवटचे कधी ते चालू करून घेतले, ते त्यांवरून वाचता येते. नव्या दुरुस्तीची तारीख पत्र्यावर कोरण्याऐवजी कागदावर लिहून पेटीच्या दाराला आतून चिकटवावी, म्हणजे पुढच्या वेळी मशीन खोलायची गरज पडणार नाही.